सुहासचं इन्सुलिन आणि माझा अर्धवट प्रबंध

६ जानेवारी, पेण
सुहासची उपाशीपोटी शुगर २१०. गेल्या महिन्यात १३०च्या आत होती. म्हणतो, "गडबच्या घरी आईने मडक्यातली पोपटी वाढली ना, शेंगा-बटाट्यांची, त्याचं हाय." इन्सुलिन? "घेतलं की." चार वर्षं स्वतःचं स्वतः टोचून घेतोय नवरा, रोज काय विचारायचं!
रोह्याला कॉलेजात आज स्वादुपिंड शिकवलं. निम्मा वर्ग पेंगलेला.

११ जाने.
फ्रीज पुसायला काढला. इन्सुलिनची गेल्या महिन्यात आणलेली पेनं सगळी सीलबंद. एकही उघडलेलं नाही.
त्याच्या बॅगेत छोटी बाटली. विजया तेल. म्हणजे भांगेचं. धाटावच्या कंपनीत शिफ्टमधल्या कुणीतरी दिलंय.
"हे काय?"
"तुझंच औषध."
माळ्यावरची माझी पीएच.डी.ची फाईल त्याने वाचलीय. गाइड निवृत्त झाले, माझं लग्न झालं, काम राहिलं ते राहिलंच. हा डिप्लोमावाला माणूस डिक्शनरी घेऊन बसला असणार. एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ: इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर गांजा-भांगेतल्या द्रव्यांना ओळखणारे रिसेप्टर असतात, ते चेतवले की काही प्रयोगांत इन्सुलिन जास्त सुटतं.
लगेच पुढचं वाक्य: काही प्रयोगांत कमी सुटतं. त्याच्याखाली रेघ नाही.

१३ जाने.
"एकदा म्हण, याने फायदा होतच नाय. मी फेकून देतो."
तसं म्हणता आलं नाही. खरंच कुणाला नीट ठाऊक नाही. उंदरांच्या पेशींत एक, माणसाच्या पेशींत दुसरं. एवढंच म्हटलं, तेलाचं काहीही असो, इन्सुलिन थांबवून चालत नाही. दहादा म्हटलं.
"मागे सुई घेऊन गेलो, प्लांटवर शुगर उतरली, चक्कर आली. सुपरवायझरने बघितलं. परत पडलो तर गेटच्या बाहेर. मग सुई घेऊ कसा?"


१७ जाने.
गडबहून सासूबाई आल्या. सगळं सांगितलं. "पोट चाळण झालंय गो त्याचं टोचून टोचून." मी म्हटलं, डॉक्टरना सांगते. पण पुढच्या महिन्यात कंपनीची मेडिकल आहे, लघवीत नशेचं काही आहे का तेही तपासतात, तेलाचं कंपनीपर्यंत गेलं तर नोकरी जाईल. सासूबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. मग, "नको सांगू गो."
शुगर २९०.

२२ जाने.
वर्गात असताना फोन. वडखळच्या एका दुकानदाराचा. सुहास कामावर निघालेला, बाईक कडेला लावून ओकला, बाकावर आडवा झालाय. रोह्याहून रिक्षा केली. रस्ता संपेना.
पेणला दवाखान्यात शुगर ४८६. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन नियमित? दुसरं काही घेतात?" सुहासने माझा हात धरलेला होता. दाबला.
मी म्हटलं, "नियमित. दुसरं काही नाही."
विज्ञान शिकवते मी.

२३ जाने.
सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "एवढं घेऊनही ४८६, म्हणजे घरचा डोस दुप्पट करावा लागेल." जो माणूस घेतच नव्हता त्याला दुप्पट! शुगर खाली आपटली असती.
व्हरांड्यात गाठून सांगितलं सगळं. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं.
"कालच सांगायचं होतंत."
"कंपनीला कळेल?"
"मी कळवणार नाही. त्यांच्या तपासणीत काय निघेल, ते माझ्या हातात नाही."
सुहासला मीच सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

२७ जाने.
घरी. इन्सुलिन घेतो, जुन्याच डोसने, आईसमोर. तेल बंद. माझ्याशी बोलत नाही. "आई, तिला सांग, डबा नको." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. शुगर १६८. आनंद व्हायला हवा.

२ फेब्रुवारी
मेडिकल चौदाला. आज दहा दिवसांनी पहिलं वाक्य माझ्याशी: "लघवीत किती दिवस राहतं ते तेल?"
"माणसामाणसावर. कुणाला थोडे दिवस, कुणाला आठवडे."
"नक्की सांग."
"नक्की नाही सांगता येत."
"तुझं कधी नक्की असतंच नाय." हसला पण. किती दिवसांनी.

८ फेब्रु.
डॉक्टरना चक्कर येण्याबद्दल विचारलं. डोस विभागून दिलाय, शिफ्टच्या वेळा बघून. चक्कर नाही अजून. हे आधी का विचारलं नाही आम्ही?

१३ फेब्रु.
उद्या.
संध्याकाळी स्वतःहून म्हणाला, "कंपनीच्या डॉक्टरला आधीच सांगून टाकू? निघाल्यावर सांगण्यापेक्षा?" सासूबाई आतून, "नको रे." मग दोघंही माझ्याकडे बघत.
सांगितलं तर कदाचित समजून घेतील. कदाचित उद्याच घरी बसवतील. न सांगता कदाचित काहीच निघणार नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, सुहास. पण जे ठरवशील त्यात या वेळी मी खोटं बोलणार नाही.
फोन घेऊन अंगणात गेला. खिडकीतून दिसतोय. कंपनीच्या डॉक्टरचा नंबर लावलाय की फोन नुसताच हातात धरलाय, इथून कळत नाही.