विबेकेबाईंवर रागावले

प्रिय आई,

आधी हे वाच: मी बरी आहे. तू पाठवलेलं वाळवलेलं मटण पोचलं. इथे ओरहूस शहरात त्याचा वास कुणाला सोसत नाही, म्हणून वाटेकरी नाहीत. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या का? दादा येतो ना मदतीला?

बाबा गेल्यापासून मी दर मंगळवारी मन मोकळं करायला समुपदेशक विबेकेबाईंकडे जाते. आठवड्यात मला नावाने हाक मारणारं तेवढंच एक माणूस. मागच्या खेपेला त्या माझी वेळच विसरल्या. मी बंद दारासमोर तासभर गारठत उभी होते.

काल म्हटलं, "असू दे, होतं असं."

"रानवा, चूक माझी, आणि समजूत माझीच काढतेस?"

"आमच्या बेटावर बोट आली नाही तर समुद्राला कुणी शिव्या देत नाही."

"मी समुद्र नाही. मला दे."

मी हसले, मग रडले, आणि चक्क ओरडले त्यांच्यावर. वाटलं, संपलं, आता हेही दार बंद. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. मंगळवारी ये. राग उरला तर तोही घेऊन ये."

मी रागावले आणि समोरचं माणूस निघून गेलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून धीर करून विचारते. बाबांना दवाखान्यात नेलंस, ते मला तीन दिवस का कळवलं नाहीस? मला त्यांना भेटायचं होतं गं.

चिडून लिहिलंस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझीच,
रानवा