पोळ्याच्या दिवशी बसलेली स्टेशन वॅगन

नांदगाव खंडेश्वर,
भाद्रपद, सन १९६१

राजमान्य राजेश्री वामनरावजी यांस खुशालरावाचा मनापासून रामराम. तुमच्या तेलगिरणीच्या जीपगाडीलाही एक रामराम, कारण तिची विचारपूस आधी केली नाही तर तुम्ही पुढचं पत्र वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? जीपचा क्लच कसा आहे? (दोन्ही एकाच वर्षी दुखायला लागले होते म्हणून एकत्र विचारतो.) आमच्या सासूबाईंच्या खोकल्याला अडुळसा देत जा. इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी, केशर आत्या, आणि कोश्या-मोऱ्या हे दोन बैल. तुमच्या घरी तीन आठवड्यांपासून मुक्कामाला असलेल्या एका पाहुणीची प्रकृती मात्र मी विचारत नाही. ती तुमची धाकटी बहीण शकुन, म्हणजे माझी मंडळी, माझ्यावर रागावून आलेली आहे, आणि रागावलेल्या माणसाची प्रकृती चांगलीच असते. तुम्ही अकोल्यात राहून आमच्या बोलण्याला हसता, म्हणून हे पत्र शाळेतल्या मराठीत लिहायचं ठरवलं आहे. जिथं जीव तापेल तिथं आपली भाषा निघून येईल, ते सांभाळून घ्यावं.

तिचं रागावणं तुम्ही तिच्या तोंडून ऐकलंच असेल, आता माझ्या तोंडून ऐका. परतवाड्याचे एक लाकडाचे ठेकेदार आहेत. मेळघाटातली सागाची लाकडं ओढायला त्यांना तगडी जोडी पाहिजे होती, आणि त्यांच्याजवळ एक स्टेशन वॅगन होती. मोडकी नव्हे हो! चारही चाकं ओढणारी, छत असलेली, दोन्ही बाजूंनी सरकत्या काचांची. तुमची कोश्या-मोऱ्याची जोडी द्या, माझी गाडी घ्या, असं ते बाजारात सहज म्हणाले, आणि मी, वामनरावजी, सहज हो म्हणालो. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुमची बहीण भाकरी थापत होती. मोऱ्याची माय तो आठ दिवसांचा असताना मेली, आणि हिनं त्याला बोटं चोखवून दूध पाजलं, हे मला त्या वेळी आठवायला पाहिजे होतं. तिनं तव्यावरची भाकरी होऊ दिली, मला वाढली, आणि पेटी भरली. दारातून एवढंच म्हणाली, "आता तुमच्या त्या गाडीनंच न्यायले या मले. तोवर मी येत नाही." पोळ्याला आठ दिवस होते.

आता तुम्ही जीपवाले. मागच्या दसऱ्याला तुम्ही मला जेवणावरून उठेपर्यंत पटवत होता की काळ्या मातीत जीपसारखी गाडी नाही. इथं देवमन मिस्त्रीही तुमच्याच पक्षाचा. पलटणीत असताना त्यानं जीप चालवली, लिलावातली एक जीप आणून स्वतः जुळवली, आणि संध्याकाळी त्याच्या दुकानापुढच्या बाकावर आमची सभा भरते. देवमन म्हणतो, जीप हलकी, कुठंही शिरते, कुठूनही निघते. मी म्हणतो, कबूल, पण जीपमध्ये माणूस आधी पोचतो आणि त्याची टोपी नंतर. तिसरे आमचे शेषराव मास्तर, ते लँडरोव्हरचे. त्यांनी लँडरोव्हर कधी पाहिली नाही. वर्तमानपत्रातलं एक चित्र कापून पाकिटात ठेवलं आहे, आणि तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे गंजत नाही, या एका मुद्द्यावर ते चार वर्षं लढताहेत. (मी एकदा म्हटलं, मास्तर, तुमचं पाकीटही गंजलं नाही. दोन दिवस बोलले नाहीत.) गिअरच्या दांड्याजवळचा तो बुटका दांडा ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात, हे देवमन आम्हाला पेल्यात चमचा उभा करून शिकवतो. चहा गार होतो. कोणाजवळ गाडी घ्यायची ऐपत नाही म्हणून कोणी हरत नाही, आणि फार बरं वाटतं.

पण स्टेशन वॅगनचा माझा मुद्दा मी बाकावर कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो, हसू नका. शकुनला मोटर लागते. लग्न झालं त्या वर्षी तिला चिखलदरा दाखवायला निघालो, तर परतवाड्यापर्यंतच तिच्या पदरातली तीन लिंबं संपली आणि आम्ही स्टँडावरूनच मागं फिरलो. तेव्हापासून मी डोळे मिटले की एक गाडी दिसते. हळू चालते. काच सरकवलेली आहे, तिच्या बाजूला ती बसली आहे, घाट चढतो आहे, थंड वारा येतो आहे, आणि लिंबू पदरात तसंच्या तसं आहे. मागची फळी खाली पाडली की पाटासारखी होते, तिच्यावर शिदोरी सोडायची. झाडं मागं जातात, कोणी घाई करत नाही. डवरणी करताना, कापूस वेचताना, रात्री खाटेवर, मी त्या गाडीत किती वेळा चिखलदऱ्याला जाऊन आलो, वामनरावजी, त्याचा हिशेब नाही. अशा गाडीसाठी बैल द्यायला निघालो आणि ज्या बाईसाठी गाडी, तीच घर सोडून गेली. याला म्हणतात शहाणपण!

तर पोळ्याच्या आदल्या दिवशी ठेकेदार गाडी घेऊन आले. ठराव असा, की आमच्या पांदणीतून गाडी वावरापर्यंत जाऊन परत आली तर अदलाबदल पक्की. (पांदण तुम्ही पाहिली आहे. दोन्ही बाजूंना बाभळी आणि मधात गुडघाभर चिखल.) दिवस पोळ्याचाच ठरला, कारण त्या दिवशी बैलांना सुटी, म्हणून माणसांनाही सुटी. संध्याकाळी केशर आत्या हळद-लोणी घेऊन बैलांची खांद मळायला गोठ्यात आली. बाजूला ही वॅगन उभी. आत्या म्हणाली, आता हेच तुमचे बैल ना? मग यांचीही खांद मळाले पाह्यजे. गाडीची खांद कोणती, यावर आमची सभा तिथंच भरली. देवमन म्हणाला, पुढची दोन चाकं, ओढतात तीच. मग आत्यानं टायरांना हळद-लोणी चोळलं आणि दोन्हीकडं सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गाडी मुकाट होती. पण बैलांचं सांगतो. दरवर्षी हे आवतन शकुन देते, आणि मोऱ्या मान हलवून तिचा हात चाटतो. यंदा मी त्यांच्यापुढं उभा राहून तेच शब्द म्हणालो, तर दोघांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोऱ्या फाटकाकडं पाहत होता.

पोळ्याच्या सकाळी सारा गाव पांदणीच्या तोंडाशी जमला. ठेकेदार चक्राशी, मी बाजूला, मास्तर पंच म्हणून मागं, पाकिटासह. बुटका दांडा ओढला, गाडी गुरगुरली, निघाली, आणि खरं सांगतो, पहिली शंभर पावलं मी चिखलदऱ्यातच होतो. मग ती हळूच बसली. रस्त्यात नाही हो, मातीत. ठेकेदारानं जोर केला तशी अजून बसली. देवमन जीप घेऊन काढायला आला (तोंडावर एवढा आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता), आणि तीन हातांवर तीही बसली. आता आठ चाकं ओढत होती आणि आठही एकाच जागी. वॅगनची मागची गादी काढून चाकाखाली घातली, तीही मातीनं गिळली. शेवटी ठेकेदार म्हणाले, बैल आणा.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? गाडी चारही चाकांनी ओढते या भरवशावर आम्ही चौघंही शहाणे हे विसरून गेलो होतो की वर्षातून एकच दिवस असा आहे, ज्या दिवशी वऱ्हाडात गाडी काढायला बैल मिळत नाही. मग माणसांनी दोर लावावे म्हटलं, तर केशर आत्या पुढं झाली. "तुमीच तिले आवतन देल्लं, खांद मळली, अन् आता पोळ्याच्या दिवशी जुपता काहून? बसन नाही तं काय करन?" झालं. गावाला पटलं. गाडी फसली नाही, गाडीनं पोळा पाळला. शेजारच्या सुंदराबाईनं घरून पुरणपोळीचा घास आणून वॅगनच्या नाकाशी ठेवला. देवमनच्या जीपला आवतन नव्हतं तरी तिलाही अर्धी मिळाली.

कर धरून दोन दिवस ठेकेदार माझ्या घरी पुरणपोळ्या खात राहिले. तिसऱ्या दिवशी मी कोश्या-मोऱ्याला जुपलं, आधी जीप काढली, मग वॅगनला दोर बांधला. कासरा देवमननं धरला, चक्र धरायला आत मी बसलो. इंजन बंद. दोर ताणला, बैलांनी गुडघे टेकवले, उठले, आणि वॅगन लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. वामनरावजी, माझी ती एकच सफर झाली, पण काय सफर! आवाज नाही, धूर नाही, काच सरकवलेली, बाभळीचा वास आत येत होता, घुंगरं वाजत होती. अशा चालीनं कोणालाही मोटर लागणार नाही. मी बाजूच्या जागेकडं पाहिलं, तर जागा रिकामी. आणि पुढून मोऱ्यानं चालता चालता मान वळवून मागं पाहिलं. मले नाही पाह्यलं त्यानं, त्या रिकाम्या जागेकडं पाह्यलं. म्या तिथं आपली टोपी ठेवली, बाप्पा.

ठेकेदार तर वेडे झाले. चार चाकांची गाडी ओढून काढणारे बैल! आता मी यांच्यासाठी गाडीवर एक टायर जास्त देतो म्हणाले. मी खाली उतरलो आणि नाही म्हणालो. ते रागानं लाल झाले, आणि चाकाखालून निघालेली ती चिखलाची गादी काही गाडीत घेईनात. ती माझ्या दारात टाकून निघून गेले. बाकावर निकाल असा लागला, की देवमन म्हणतो जीप उशिरा बसली म्हणून जिंकली, आणि मास्तर म्हणतात लँडरोव्हर आमच्या पांदणीत आजवर एकदाही फसलेली नाही.

महालक्ष्म्या यंदा केशर आत्यानं मांडल्या. चांगल्या मांडल्या, पण एकीचं तोंड जरा वाकडं बसलं. घरातल्या सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आणखी काय लिहू?

आपला,
खुशालराव

ता.क. हे पत्र फक्त गाड्यांविषयी आहे. दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायची गरज नाही. दाखवलंच, तर तीन लिंबांची गोष्ट गाळावी.

ता.क. दुसरा. ती गादी मी विहिरीवर चार वेळा धुतली, आठ दिवस उन्हात वाळवली, आणि सुतार लावून आपल्या दमणीत, म्हणजे बैलांच्या सवारीगाडीत, बसवली. आतल्या स्प्रिंगा शाबूत आहेत. त्याच गाडीनं न्यायला या, असा हुकूम होता. माणूस बसते तेवढी जागा तर त्याच गाडीची झाली ना? चिखलदरा लांब आहे, पण तीन-चार मुक्कामांत होतो.

ता.क. तिसरा. तुम्ही नको म्हणाल म्हणून सांगतो, पत्र टाकून मी आजच निघतो आहे. कारंजा, मूर्तिजापूर करत शनिवारी संध्याकाळी अकोल्यात पोचेन. बैलांसाठी कुटार आणि सरकीची ढेप तयार ठेवावी.

ता.क. शेवटचा. मागणं एकच आहे. या बैलांनी यंदाचं आवतन अजून घेतलेलं नाही. शनिवारी तिनं फक्त दाराबाहेर यावं आणि त्यांच्यासमोर एकदा म्हणावं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी मागं कासरा धरून उभा राहीन. ते आवतन दोघांलेच आहे का तिघांले, हे मी विचारणार नाही.