सायपिनताईंच्या पुस्तकाचे शेवटचे पान

चिआंग माई,
१२ मार्च २०२४

प्रिय तोन,

तुझे पत्र आणि आपल्या रीतीप्रमाणे आईच्या अंत्यसंस्काराला वाटलेले तिच्या आठवणींचे पुस्तक, दोन्ही मिळाली. तू इंग्लंडहून परतलास आणि आईचे दुकान पुन्हा उघडलेस, हे आधीच कानावर आले होते. प्रकृतीला जप. इकडे सर्व ठीक. यंदा आपल्या शाळेतून चौतीस मुले बाहेर पडतील; नऊ इंग्लंडला, सहा ऑस्ट्रेलियाला, दोन हाँगकाँगला. उरलेल्यांची उत्तरे यायची आहेत. एका मुलीने प्रवेशाच्या निबंधात ‘माझी आवड’ हे शब्द सात वेळा लिहिले होते. मी ते तिच्यासमोर सातही वेळा खोडले.

जानेवारीत अंत्यसंस्काराला मी आले नाही. परीक्षांचे दिवस होते.

पुस्तकाची छपाई बरी आहे. तुझ्या आईची, सायपिनताईंची, खाओ सोईची, म्हणजे त्यांच्या रस्सेदार नूडल्सची, कृती तू त्यांच्याच बोलीत छापलीस, हे योग्य केलेस. “आधी मसाला परता. नवऱ्याला हाक मारू नका. वास पोचला की मेला आपणहून येतो.” वाचताना त्या कढईपाशी उभ्या दिसल्या.

शेवटच्या पानावर तू लिहिले आहेस, ‘मी कागद थोडे आधी दिले असते तर, इथेच औषधशास्त्र शिकलो असतो आणि आईजवळ असतो.’ त्यातला स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे, एवढेच मला प्रथम दिसले. मग पुस्तक मिटून ठेवावे लागले.

दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एकोणतीस जणांनी परदेश निवडला. तू एकटा इथल्या विद्यापीठाचे नाव धरून बसला होतास.

“बाई, आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोण नेणार?”

“त्यासाठी शहरात भाड्याच्या लाल गाड्या धावतात,” मी म्हणाले.

“लाल गाडीवाला तिच्या शिव्या ऐकून घेईल होय?” तू हसलास. मी हसले नाही.

कोणता विद्यार्थी कोणत्या विद्यापीठात गेला, याची यादी आपण दर ऑगस्टला छापतो. पालक ती पाहून शाळा निवडतात, आणि प्रवेशांचे काम माझ्याकडे असल्याने ती यादी माझी असते. बाजारात नूडल्स विकणाऱ्या बाईचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून इंग्लंडला गेला, ही तिच्यातली सर्वांत देखणी ओळ ठरणार होती. तुझे हित मला तुझ्याहून अधिक कळते, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. अजूनही तुझ्या बुद्धीला... हे वाक्य पूर्ण करीत नाही.

इथल्या विद्यापीठाला आपल्या आंतरराष्ट्रीय शाळेचा नुसता दाखला चालत नाही. समकक्षतेचा कागद लागतो आणि त्यावर माझी सही. तू तो सोमवारी आणून दिलास. मुदत शुक्रवारची होती. मी सही त्यापुढच्या सोमवारी केली. मधले दिवस तो माझ्या खणात होता. उशीर झाला नव्हता, तोन. मी केला. आणि तुला म्हणाले, “थोडं आधी आणायचंस ना रे.” तू माझी क्षमा मागितलीस.

तू गेल्यावर सायपिनताई डबा घेऊन शाळेत आल्या. “बाई, तुमच्यामुळं पोरगं विमानात बसलं. आता ओरडायला घरात कुणी नाही, तेवढं सोडलं तर झकास आहे बघा!” मी डबा धुऊन परत पाठवला. सोबत चिठ्ठीसुद्धा दिली नाही.

जानेवारीत आपल्याकडे परीक्षा नसतात, हे तुला ठाऊक आहे. मी आले नाही, कारण तू हात जोडून माझ्यापुढे वाकला असतास.

या वर्षीच्या इथल्या प्रवेशासाठी तू पत्रात मागितलेला कागद आजच सही करून सोबत पाठवीत आहे. शिफारसपत्र मात्र गणिताचे सर देतील. ते लिहिण्याची योग्यता माझ्यात नाही. मुख्याध्यापकांनाही सर्व लेखी कळवले आहे. माझ्या नोकरीचे जे व्हायचे ते होवो.

अशा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत नाही. छापलेले ते वाक्य घरोघरी तसेच राहील. तुझ्या मनातून तरी ते काढून टाक.

जिच्या हाती तू कागद वेळेत दिले होतेस, ती
विलाइवन