यंत्राच्या खालचं गाणं

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय ते नातीच्या गाण्यापायी. सातवीपर्यंतच शिकलो, लिहिण्यात चुका होतील, त्याचीही धास्ती वाटते. मला कशाचीही धास्ती वाटते, हे तुला सांगायला नको.

इथं पिंप्राळ्याच्या घरात, वरच्या खोलीत, नात आणि तिचे दोन मित्र गिटार वाजवतात. वाजवतात म्हणजे एक सूर छेडतात आणि तो विरायच्या आत त्यात दुसरा सोडतात, फार सावकाश. सगळ्यांचा मिळून एक दाट घुमारा खोलीत साचत जातो. तिघांच्याही माना खाली, नजर पायाशी. आधी मला वाटलं, पोरांना कुणी रागावलं की काय. मग दिसलं, पायाशी डब्या असतात, त्या दाबल्या की आवाज लांबतो. नात गाते, पण तिचा गळा त्या घुमाऱ्याच्या आत कुठंतरी असतो. परवा तिनं रेकॉर्ड केलेलं गाणं बापाला ऐकवलं. माझा मुलगा म्हणाला, "आवाज वर घे ना बाई. एक शब्द कळत नाही. लोकांना वाटेल मिक्सर चालू राहिला." मित्र हसले. ती हसली नाही. येऊन माझ्याशेजारी बसली.

"आबा, तुम्ही सांगा. पप्पा म्हणतात तसं करू का? उद्या गाणं पाठवायचंय."

मला गाण्यातलं काय कळतं, त्यात हल्ली ऐकूही कमी येतं. चुकीचं सांगितलं तर पोरीचं गाणं बिघडायचं. तिनं माझ्या कानांना हेडफोन लावले.

आणि माय, मी थेट धुळ्याच्या जिनिंगमध्ये. समोर कापसाचा ढीग, बायकांची रांग, सगळ्यांच्या माना खाली, काडीकचरा वेचणारे हात. पलीकडं सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं धडधडताहेत, रुईच्या धुळीत लांबची माणसं पुसट झालीत. त्या आवाजात तू गातेस. ओठ हलताना दिसतात, जवळून गेलं तरच सूर ऐकू येतो. रुईच्या गाठी ओढायच्या कामाला मी लागलो तो पहिला दिवस तुला आठवतो का? ही गाठ कुठं, ती कुठं, चुकलं तर काय, सगळं ओरडून विचारत होतो. संध्याकाळी घसा बसला. तू गुळाचा खडा हातावर ठेवलास आणि रागावलीस, "मशीनना वर कसाले वरडस? तेना खाले बोल. मंग गळा दुखस नही." त्यानंतर कामावरून काढतील, पट्ट्यात हात जाईल, अशी भीती मनात घेऊनच मी तिथं राबलो. पण तुझ्या बाजूनं गाठ नेताना तो सूर कानावर आला की पुढची खेप निभायची. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं.

नातीला म्हणालो, "वर नको घेऊ. खालीच असू दे. ज्याला ऐकायचंय तो जवळ येईल." मग तिला तुझं सांगितलं. ती हट्टालाच पेटली, "पणजीचं गाणं कोणतं होतं, आबा? शब्द सांगा, शेवटी घालते." शब्द नाहीत, चाल आहे, म्हणालो. तिनं माइक पुढ्यात धरला. मी गुणगुणलो, आणि माझीही मान आपोआप खाली गेली.

संध्याकाळी मुलानं ते ऐकलं. "शेवटी हे कोण गातंय?" नात म्हणाली, "तुमची आजी." त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. आवाज वर घे, असं म्हणाला नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. नातीला वाटतं, म्हातारपणानं मी शब्द विसरलो. विसरलो नाही, माय. मला ते कधी ऐकूच आले नाहीत. घरी तू गात नव्हतीस, आणि विचारलं तर लाजून तिथंही गायची थांबशील, म्हणून मी कधी विचारलं नाही.