मी न लिहिलेला मेसेज

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी आज मला नातेवाइकांच्या ग्रुपवर वाटून टाकलं! तुळशीचं लग्न झालं, आता आमच्या खुशीचं – असं म्हणत माझ्या उघड्या लॅपटॉपवरून वधूवर साइटचा पत्ता कॉपी केला आणि दिला सोडून. खाली ओळ – 'आमच्या खुशीचा बायोडाटा, योग्य स्थळ सुचवावे.' काका, मामा, आत्या, कळंबपासून नागपूरपर्यंत झाडून सगळे. कुणी अंगठे वर केले, कुणी हात जोडले.

मी गालातल्या गालात हसले. पोरगी समाजाच्या साइटवर तासन्‌तास बसते म्हणून बाबा खूश. पण मी तिथं स्थळं बघतच नाही! तिथल्या मेसेजपेटीत संघदीपशी बोलते. त्याच्या यवतमाळच्या ऑफिसनं ती साइट बनवली, तो ती सांभाळतो. माझा फोन घरात कुणीही चाळतो, साइटवर कुणाला शंका येत नाही. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करायचं ठरलंय. समाजाच्याच ओसरीवर बसून! चांगली जिरवली सगळ्यांची.

१३ नोव्हेंबर

गालावर बोटं उमटलीत. तोंड उघडलं की दुखतं.

काकांचा इंद्रजित दुपारी तरातरा आत आला. संघदीपचे मेसेज तोंडपाठ म्हणून दाखवले. मी कुणाला पासवर्ड सांगितलेला नाही, हा आत शिरला कसा? म्हणाला, "लिंकवर बोट ठेवलं अन् सारं उघडलं. जयभीमवाल्यासंगं लग्न करून राह्यली काय?" आणि ठेवून दिली. मी त्याच्या मनगटाला चावले. सोडलं नाही, रक्ताची चव आली तेव्हा सोडलं. त्यानं लॅपटॉप फरशीवर आपटला, मग फोन, मग दोन्हीवर दगडी पाटा टाकला. आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून उभी. बाबा शेतातून आले, तुकडे गोळा केले.

संघदीपला कळवायचं कसं?

१४ नोव्हेंबर

जेवले नाही. बाबांनी ताट दारात ठेवलं, तिथंच बसून राहिले. बिचारे!

१५ नोव्हेंबर, शनिवार



सकाळी इंद्रजित गाडी घेऊन आला, अगदी गोड. पाहुणे बघायला येणार, साडी घ्यायला यवतमाळला चला. बाबा घरीच थांबले. आईबरोबर मी गेले, वाटलं संघदीपच्या ऑफिसपर्यंत पळता येईल. इंद्रजितनं दुकानात माझा दंड सोडला नाही. मग त्याला फोन आला, त्यानं आम्हाला एसटीत बसवून दिलं आणि गेला.

संध्याकाळी तो आमच्या अंगणातल्या नळावर हात धूत होता. पँटवर रक्त. माझ्याकडे बघून म्हणाला, "आता त्याले टाइप करता येत नाही."

खलबत्त्यातला बत्ता हाताला लागला, तो घेऊन धावले. डोकं फोडायचंच होतं. खांद्यावर बसला. दुसरा घाव घालायच्या आत आईनं कमरेला मिठी मारली. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि त्यांनी इंद्रजितच्या थोबाडीत मारली, सगळ्या गल्लीदेखत! जन्मात कुणावर हात न उचललेला माणूस. मला रडू फुटलं.

१६ नोव्हेंबर

शेजारच्या कौसल्याकाकूनं सांगितलं. संघदीपला गाठलं ते कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे. पाच जण, सळया आणि मोटारसायकलची चेन. आधी पाय मोडले, मग हात दगडावर ठेवून एकेक बोट ठेचलं. गुरं चारणाऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून जीव वाचला.

आणि तो तिथं आला कसा? माझा मेसेज होता म्हणे. 'मी घर सोडलं, जिनिंगमागे थांबलेय, लवकर ये.' मी लिहिलाच नाही!

१८ नोव्हेंबर

बाबांनी दवाखान्यात नेलं. स्वतः! आई नको म्हणत होती. ते गाडीपाशीच थांबले.

संघदीपच्या बहिणीनं, ममतानं, व्हरांड्यातच माझे केस धरले आणि भिंतीवर आदळलं. "तूच बोलावलं त्याले. आता पाहाले आली काय?" मी मार खाल्ला. तिच्या जागी मी असते तर गळा दाबला असता.

तो ओळखू येत नव्हता. हात प्लास्टरमध्ये, जबडा तारांनी बांधलेला. तू लिहिलंस का, एवढंच विचारलं. मी लिंकचं सांगितलं तर त्यानं डोळे मिटले. दातांतून हळूहळू समजावलं. लॉगिन केलं की साइट एक चावी देते. ती लपवून ठेवायची असते, इथं ती वरच्या पत्त्यातच लिहिलेली. पत्ता ज्याच्या हाती, तो साइटसाठी खुशी! सगळं वाचणार, माझ्या नावानं लिहिणार. लॉगआउट केलं तरी चावी चालूच. त्यानं साइटच्या मालकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, आपलीच माणसं आहेत, कोण कुणाच्या घरात शिरतंय.

मेसेज कोणत्या कनेक्शनवरून गेला ते सर्व्हरवर कळतं. त्याचा मित्र बघून ममताला सांगणार. मी तिला आईचा नंबर दिला. बघायचं काय त्यात? इंद्रजितच! त्याचीही बोटं दगडावर ठेवावीत, आणि दगड माझ्या हातात असावा. खरंच असं वाटतं, लाज वाटत नाही.

परत येताना बाबांना म्हटलं, मला पोलिसांत नाव द्यायचंय. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "भेऊ नोको बाई. मी आहो ना. मीच नेतो तुले." त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. या घरात एक तरी माणूस आहे.

१९ नोव्हेंबर

ममताचा फोन आला. मेसेज आमच्या घरच्या वायफायवरून गेला, शनिवारी सकाळी. तेव्हा आई, मी आणि इंद्रजित यवतमाळला साडीच्या दुकानात होतो.

बाहेर बाबांनी गाडी सुरू केलीय. "चाल बाई, ठाण्यात जायले उशीर होऊन राह्यला."

जाते. त्यांच्या शेजारी बसूनच जाते. साहेबांसमोर आधी त्यांचं नाव सांगणार, मग इंद्रजितचं.