श्यांगताईचं मातीचं भांडं

४ मार्च १९९४
पित्ताशयात तीन खडे! इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापून काढू. मी महिन्याची मुदत मागितली. मिळाली — पण ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर तडक यायचं.

वैद्य थानबुवांनी खड्यांवर नाणेगवताचा पाला दिला, वर कोंबडीच्या जठराची वाळवलेली साल. उकळायचं कशात? लोखंड चालत नाही. आणि औषधाचं भांडं विकत आणणं म्हणजे आजारच विकत आणणं! शेवटी वरच्या मजल्यावरच्या श्यांगताईनं आपलं मातीचं भांडं दिलं. परत कधी, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. औषधाचं भांडं कुणी परत नेऊन देत नाही. आजारपण तिच्या दारात नेऊन ठेवल्यासारखं होतं. लागेल तेव्हा तीच येऊन घेऊन जाईल.

५ मार्च
कडू जहर!

११ मार्च
मिरचीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच. श्यांगताई रोज खाली येते, आच कमी करते, माझ्या वाडग्यात डोकावते. काल लोणच्यातली मिरची पकडलीच. "खडे तुझे, आणि जीव माझा जातोय," म्हणाली. सख्खी बहीण इतकं करत नाही. देवानं हिला वरच्या मजल्यावर ठेवलं, माझं नशीब!

१९ मार्च
सलग चार दिवस कळ नाही.

४ एप्रिल
सोनोग्राफी झाली. तिन्ही खडे जागच्या जागी, पण सूज ओसरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढ्याचं कौतुक मी करणार नाही, पण कापायची घाईही करणार नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. डॉक्टरीणबाई, थानबुवा, श्यांगताई — कुणाकुणाचे उपकार मानू?

५ एप्रिल
ह्यांनी घात केला! मी बाजारात गेलेली. ह्यांनी भांडं घासून लख्ख केलं, संत्र्यांनी भरलं आणि श्यांगताईच्या दारात ठेवून आले. लष्करात वीस वर्षं काढलेली — घेतलेली वस्तू परत करायची, हे हाडात भिनलेलं. तिच्या दारात आजारपण ठेवून आलात, म्हटलं, तर म्हणतात, मी संत्री ठेवली. एवढं केलं तिनं माझ्यासाठी, आणि ही परतफेड! उद्या माफी मागायला जाते. तोंड कसं दाखवू?

६ एप्रिल
गेले. भांडं शेगडीवर होतं, आत काढा उकळत होता. श्यांगताई खाटेवर, पाय सुजून टम्म. कधीपासून, विचारलं.

"फेब्रुवारीपासून. तुझा महिना पुरा होऊ दे म्हटलं."