भिंत ओढ्यापर्यंतच

प्रिय धाकटे,

आधी खुशाली. तुझे दाजी बरे आहेत, म्हणजे दिवसभर जाळं दुरुस्त करतात आणि समुद्राला शिव्या घालतात. माझे गुडघे कुरकुरतात, मी त्यांचं ऐकत नाही. विहिरीचं पाणी अजून खारटच. चहात साखर घातली की मीठ, कळत नाही.

आमचं स्वयंपाकघर गेलं ते आठवतं ना? आमच्या शेजारच्या हॉटेलवाल्यांनी आपल्यापुरती दगडी भिंत घातली आणि समुद्र तिच्या टोकाला वळसा घालून आमच्यात शिरला. त्याचं तसंच असतं, एका दारातून हाकललं की शेजारच्या दारात. ओटा गेला, मागची भिंत गेली, नळ तेवढा वाळूत एकटा उभा. दाजी म्हणाले, समुद्राला पाण्याची सोय झाली. मला काही हसू आलं नाही. तू भर पावसात ओढा ओलांडून आलीस, माझी भांडी डोक्यावरून नेलीस, आम्हाला आतली खोली दिलीस आणि स्वतः पडवीत झोपलीस. अख्खा पावसाळा सांभाळलंस. तुझ्या नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तूच त्याला डोळ्यांनी गप्प करायचीस.

लहानपणीही तू अशीच. माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात, शेपटी तुझ्या. आई म्हणायची, ही पोर देऊन देऊन भिकेला लागेल.

तर आता बातमी. आम्हाला भिंत मंजूर झाली. परवा साहेब आला होता, सगळी वस्ती जमली. तो म्हणाला, दगड मोजकाच आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पुरवला तर भिंत बुटकी होईल, मोठ्या भरतीला पाणी वरून येईल. उंच हवी तर ओढ्यापाशी थांबवावी लागेल. ओढ्यापलीकडे पहिलं घर कुणाचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मेल्यांनो, माझ्याकडे काय बघता, असं मनात म्हटलं आणि उंच भिंतीसाठी पहिला हात मीच वर केला. मग भराभर सगळ्यांचे वर झाले. शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस. पण उद्या पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच करीन. एकदा घर गेलेल्या बाईला लाज परवडत नाही गं.

हे समोर येऊन सांगायचं, तर ओढ्याकडे पाऊलच उचलत नाही, म्हणून पत्र. दगडाचे ट्रक सोमवारपासून येणार, पावसाआधी काम उरकणार. त्यानंतर समुद्र तुझ्याकडे वळेल. भांडी आधी हलव, कपाट मागून. आमच्याकडे येऊ नकोस. जागा आहे, पण तुला रोज समोर बघणं मला जमायचं नाही. त्यापेक्षा साहेबाला गाठ आणि तुझ्या वस्तीलाही भिंत माग, उंचच माग. ती भिंत संपेल तिथून पुढे पहिलं घर तुझ्या नणंदेचं लागतं, ते मनाला लावून घेऊ नकोस. हात आधी तू वर कर, म्हणजे बाकीच्यांना सोपं जातं.

काही झालं तरी तुझीच,
ताई